गावाने सही केलेला पाऊस

नाही, नाही, तिथे नका बसू डॉक्टरबाई, त्या खुर्चीचा पाय हलतो – तुमच्या आधी आलेले प्रोफेसर पडले होते तिच्यावरून, आणि पडता पडताही वही काही सोडली नाही हो – इथे बसा, चुलीच्या बाजूला. धूर लागेल थोडा. लागू दे. धूर लागल्याशिवाय गाव कळत नाही म्हणे – हे मी नाही म्हणत, प्रोफेसरच म्हणायचे, आणि दर पाच मिनिटांनी डोळे पुसत बाहेर जायचे. हं, तर काय विचारत होतात? पाऊस. पुन्हा पाऊस! अहो, समोर चावडी आहे, ती निळ्या दाराची, तिथूनच आलात ना आत्ता? कागद वाचलात ना? काय लिहिलंय कागदात? डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गावप्रमुखाची निवडणूक चालू असताना दुपारी जोराचा पाऊस आला, फळ्यावरच्या खडूच्या रेघा धुऊन गेल्या, मोजणी करता आली नाही, सबब निवडणूक रद्द. खाली दोनशे सतरा सह्या. झालं की! माझ्या नवऱ्याच्या हातचा कागद आहे तो. तिबुर्सियो एकोणीस वर्षं गावचा चिटणीस आहे, अक्षर बघा कसं मोत्यासारखं. मग मला कशाला विचारता? मी खानावळवाली. मला घेवडा विचारा, मिरची विचारा.

कॉफी घ्या. घ्या हो, आधी पिऊन तर बघा. – आवडली ना? तोंडावरच दिसतं. शहरात तुम्ही पिता ते कॉफीचं धुतलेलं पाणी. ही माझ्या परसातली, आईकडून आलेली झाडं आहेत. लोक घाई करतात, दोन दिवस वाळवतात आणि ओलसरच भरतात, मग बुरशीचा वास येतो आणि म्हणतात भाव मिळत नाही. मी या अंगणात चटईवर पसरते आणि पुरतं ऊन देते. ही डिसेंबरची, पहिल्या तोडणीची. शुक्रवारी पसरली, पुढच्या गुरुवारी उचलली, मधे चटई जागची हलवली नाही, एक थेंब लागला नाही तिला – म्हणून हा रंग, मधासारखा. सहकारी संस्थेचा माणूस येतो, तो आधी पिशवीवरची चिठ्ठी वाचतो. बाईचं पूर्ण नाव, पसरली कधी, उचलली कधी, भिजली का कोरडी – नियमच आहे, चिठ्ठी नसली की पिशवी परत. मीच लिहिते सगळ्या चिठ्ठ्या. असे डोळे मोठे करू नका, चौथीपर्यंत शाळा झालीय माझी.

आणि तुम्ही कसल्या डॉक्टर? काल बसमधून उतरलात तेव्हा तिबुर्सियो म्हणाला, कोर्टानं डॉक्टरीण पाठवलीय. मी गुडघ्याला फडकं बांधून तयार बसले! आणि ही डॉक्टरीण आली ती वही घेऊन, यालोबे गावात बायकांना मत आहे का नाही, रीत काय, रिवाज काय – माझा गुडघा राहिला तसाच. – किती वर्षांच्या तुम्ही? काय? सव्वीस? अगं बाई, मग मी मघापासून तुम्ही काय म्हणतेय! माझी धाकटी मुलगी तुझ्याहून मोठी आहे. ती तिकडे राजधानीत भांडी घासते, कदाचित तुझ्याच आईच्या घरी. – हसतेस काय, मी विनोद नाही केला. बरं, ते यंत्र चालू आहे का, तो लाल दिवा? असू दे, असू दे. मला काय लपवायचंय.

तुझ्यासारखे खूप बघितलेत मी. सगळे इथेच जेवतात, दुसरी खानावळच नाही. ते खुर्चीवाले प्रोफेसर चार उन्हाळे आले. त्यांना आमची गावसभा फार आवडायची. म्हणायचे, शहरात पक्ष आहेत, पोस्टर आहेत, चोर आहेत, आणि इथे बघा, माणूस उठतो, सगळ्यांच्या देखत फळ्यावर रेघ ओढतो, याला म्हणतात लोकशाही! तेव्हा सभेत बायका नव्हत्याच, फक्त विधवा, त्याही भिंतीला टेकून. मी विचारलं, आणि आम्ही हो? तर म्हणाले, एर्मिन्याबाई, तुमच्याकडे स्त्री आणि पुरुष एकमेकांना पूरक आहेत, घेवड्याच्या दाण्याच्या दोन पाकळ्या जशा. पूरक! डोंगराला गाढव पूरक असतं तसं. अगं, इथे पुरुष गावाची सेवा करतो, फुकट – एक वर्ष शिपाई, मग दोन वर्षं घरी, मग देवळाचा कारभारी, मग पाण्याचा, मग चावडीत. तिबुर्सियोनं अशी अकरा वर्षं भरली चिटणीस व्हायच्या आधी, चावडीच्या सेवेच्या वहीत लिहिलेली आहेत, अकरा. तो देवळाचा कारभारी होता त्या वर्षी सणाला तीन दिवस चारशे माणूस जेवलं. कोणी घातलं? त्यानं नवीन हॅट घालून दारात उभं राहून या या म्हटलं, आणि मी पहाटे तीनपासून मका दळत होते, पोटात सातवा महिना होता. वहीत कोणाचं नाव? मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, आपण काय वेगळे आहोत का. बघ, तोही प्रोफेसर झाला.

मग एक बारीक केसांची आली, परदेशातली, अकरा दिवस राहिली. तिला काहीच आवडत नव्हतं. प्रोफेसरांना जे जे आवडलं होतं ते ते सगळं तिला अन्याय. मला विचारते, तुमचा आवाज दाबला गेलाय असं तुम्हाला कधी जाणवलं का? मी म्हटलं, बाई, सकाळपासून मीच बोलतेय, गप्प तुम्ही आहात. तिनं तेही लिहून घेतलं! पुस्तक पाठवलं हो तिनं, खोटं का बोलू. त्या फळीवर आहे, मिठाच्या डब्यामागे, काढ. कव्हर बघ. कोणाचे हात? माझे. मक्याची भाकरी थापताना, मनगटावरचा भाजल्याचा डाग बघ – हा, आणि हा – तोच. हात छापले आणि तोंड कापलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि आत माझं नाव काय, तर एच.! एर्मिन्या लिहिताना आमच्याकडे पुढे एच लावतात, बोलताना गिळतात. एच. म्हणते, एच. सांगते, एच. हसते. म्हणे माझ्या भल्यासाठी. कोण येणार होतं मला मारायला? उभ्या गावात एवढी मोठी चूल दुसरी कोणाची आहे? माझ्या कोंबडीलाही कळेल एच. कोण ते.

आणि ते पोरींचं टोळकं, जांभळ्या रुमालांचं – त्यांनी कपडे धुतो तिथल्या भिंतीवर मूठ रंगवली, लढा म्हणे, बहिणींनो. त्या मुठीला सहा बोटं आहेत. जाता जाता मोजून बघ. सगळ्या गावच्या बायकांनी मोजलीत.

आता तू. तुला कोर्टासाठी कागद लिहायचाय, शुक्रवारच्या आत. बायकांना मत द्यायचा रिवाज आहे का नाही हे शोधायला तू दोन दिवस डोंगरात. राजधानीत बसूनही लिहिता आलं असतं – पाच वर्षं झाली, सरकारचं पत्र आलं, बायकांना सभेत बसू द्या, नाहीतर पाण्याच्या पाइपाचे पैसे बंद. पाइप हवा होता, बायका बसल्या. हा रिवाज. लिही. तुझी ती सेनाइदा बसली पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत, विजार घालून.

हो, तीच सेनाइदा. जिनं कोर्टात अर्ज केलाय की पाऊस वगैरे काही नव्हता, मी जिंकले होते, मला माझी काठी द्या – गावप्रमुखाची काठी, चांदीची मूठ असलेली. मला विचारशील तर फार शहाणी आहे ती. चौतिसाव्या वर्षी लग्न नाही, मिरचीचा रस्सा केला तर कुत्रंसुद्धा वास घेऊन पुढे जाईल. आणि बोलणं! माझ्याशीसुद्धा असं बोलते, आणि मी तिची धर्माची आई. हो, तिच्या बाप्तिस्म्याला मीच धरलं होतं तिला, तेव्हासुद्धा पाद्रीबाबांच्या अंगावर लाथा झाडल्या तिनं. तिचा भाऊ रुफिनो उत्तरेला पळाला सीमेपलीकडे, मजुरीला, आणि त्याची शिपाईगिरीची पाळी आली. भाऊ नसेल तर दंड, नाहीतर पाणी तोडणार. ही उठली आणि भावाची काठी घेऊन वर्षभर उभी राहिली चावडीसमोर, इथे, माझ्या डोळ्यांसमोर. दारुडे उचलून घरी सोडले, डोंगरापलीकडे निरोप पोचवले, पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, म्हणायचे, ए शिपाई, मला पकड ना. ती म्हणायची, तुला पकडायला काठी पुरे, हात कशाला विटाळू. मी आत चुलीपाशी हसायचे. – नाही, कौतुक नाही करत मी, झालं ते सांगतेय. वर्ष संपलं आणि वहीत नाव लिहिलं गेलं रुफिनोचं. आणि ही गावप्रमुखाला उभी राहिली तेव्हा सभेत तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या मास्तरांची माणसं ओरडली, हिनं गावाची कुठली सेवा केलीय? वही काढा! वही काढली. वहीत रुफिनो. कोणी लिहिलं होतं तेही तुला सांगायला हवं का? मोत्यासारखं अक्षर.

तिचं म्हणणं काय होतं माहीत आहे निवडणुकीत? रस्ता नाही, दवाखाना नाही. फक्त एवढंच, की जी सेवा बाईनं केली ती वहीत बाईच्या नावावर लिहायची, मागचीसुद्धा. मागचीसुद्धा! वेडी. किती वह्या लागतील.

बरं, ऐक, निवडणूक कशी झाली ते सांगते आणि मग ऊठ, बस दोनची असते आणि कधीकधी पावणेदोनलाच निघते. फळा शाळेतला. चावडीच्या ओट्यावर माणसं मावेनात म्हणून अंगणात आणला, दोन खुर्च्यांवर उभा केला. उजव्या अर्ध्यात वर लिहिलं एपिफानियो मास्तर, डाव्या अर्ध्यात सेनाइदा. माणूस उठतो, खडू घेतो, ज्याच्याखाली हवी त्याच्याखाली रेघ ओढतो, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. सगळ्यांच्या देखत. चिटणीस शेजारी टेबलावर वही घेऊन. आधी पुरुष, मग विधवा, मग बाकीच्या बायका, त्यातही ज्यांचे नवरे चावडीत आहेत त्या सर्वांत शेवटी. मास्तर पहिल्या खुर्चीवर, हाताची घडी घालून, चाळीस वर्षं शाळेत पोरांना मारलेले तेच हात. निम्मं गाव त्यांच्या हातचा मार खाल्लेलं, त्यांच्यासमोर त्यांच्याच फळ्यावर दुसरीकडे रेघ ओढायची म्हणजे काय – मोठमोठ्या मिशावाल्यांचा खडू मोडला त्या दिवशी, सांगते तुला! पण जे उत्तरेला गेलेत त्यांच्या बायका उठल्या. एकामागून एक. ऊन असं डोक्यावर, रुमाल डोक्याला, पोरं पाठीला, चालत गेल्या आणि डावीकडे, डावीकडे, डावीकडे. खडूची पांढरी धूळ उडत होती उन्हात. मास्तरांची मान ताठ, पण कान लाल झाले होते. मग – मग काय. मग पाऊस आला.

हो. पाऊस. जोराचा. रेघा धुऊन गेल्या. मी तरी दुसरं काय सांगणार, मी स्वतः सही केलीय, बायकांमध्ये पहिली सही माझी आहे, बघितलीस ना?

काय विचारलंस?

कॉफी? तिचं काय मधेच. सांगितलं ना, शुक्रवारी पसरली आणि गुरुवारी – ...

...

ते यंत्र बंद कर. बंद कर म्हणते ना! दाखव. दिवा विझला का? टेबलावर ठेव, माझ्यासमोर, पालथं.

फार हुशार आहेस. गप्प बसून, कॉफी पीत, हो हो करत – मला वाटलं ही पण त्यातलीच, खडूचा अर्थ काय, फळ्याचा अर्थ काय, बाई म्हणजे काय नि पुरुष म्हणजे काय विचारणारी. आणि ही विचारते काय, तर त्या रविवारी चटई कुठे होती! या अंगणात होती चटई. इथून चावडीचा फळा वीस पावलं. मग? डोंगरातला पाऊस आहे, एका घरावर पडतो नि दुसऱ्यावर नाही – असं नको बघू माझ्याकडे. असं सेनाइदा बघते. – अगं हो, नव्हता पाऊस! एक ढग नव्हता. त्या महिन्यात इथे पाऊस कधी पडलाय? माझ्या आजीनंही बघितलेला नाही. उन्हात खडूची धूळ उडत होती हे मीच सांगितलं ना तुला आत्ता, तेव्हाही तू मुकाट्यानं लिहून घेतलंस. दोनशे सतरा माणसांनी कडकडीत उन्हात, कपाळाचा घाम पुसत सही केली की पाऊस पडला. जगात असं गाव दाखव मला दुसरं! देवाला जमत नाही ते यालोबेच्या चावडीत होतं, डिसेंबरात पाऊस, तोही बरोबर एका फळ्यापुरता.

आणि तू काय लिहिशील ते मला माहीत आहे. प्रोफेसर लिहितील, गावानं आपला एकोपा राखला. ती बारीक केसांची लिहील, पुरुषांनी सत्ता राखली. ते सगळं राखणं बिखणं काही नव्हतं. तिबुर्सियोनं हॅटनं पुसला फळा. त्याच्या करड्या हॅटनं. त्या सणाच्या वेळच्या.

नाही, मास्तरांनी सांगितलं म्हणून नाही. इथेच तुम्ही लोक चुकता. मास्तर तर बसले होते हातपाय गाळून. सेनाइदा नऊ रेघांनी पुढे होती आणि चावडीवाल्यांच्या पाचच बायका उरल्या होत्या, सगळ्या उजवीकडे ओढल्या असत्या तरी ती जिंकलीच होती. आणि तिबुर्सियोनं वही उघडली होती. ऐक नीट. त्यानं वही उघडली होती, दौत उघडली होती, तो तिचं नाव लिहिणार होता. आवडत नव्हतं त्याला, पण लिहिलं असतं. माणूस वहीशी खोटं बोलणारा नाही – म्हणजे, काय म्हणतेय मी, रुफिनोचं खोटंच होतं, पण त्याला ते खोटं वाटत नव्हतं. हे खोटं त्याला खोटं वाटलं असतं. तो लिहिणारच होता. मग माझी पाळी आली.

सकाळीच सांगितलं होतं त्यानं, बुटाची नाडी बांधता बांधता, उजवीकडे. तंबाखू संपलीय म्हणतो तसं सहज म्हणाला. मी हो म्हटलं. चाळीस वर्षं हो म्हटलंय, जीभ आपोआप वळते. गेले. खडू घेतला. आता माझे डोळे काही चांगले नाहीत बरं का, हे तू लिहून ठेव, माझी नजर फार अधू झालीय, फळ्यावर ऊन पडलं होतं, डावं कुठलं उजवं कुठलं – चूक झाली. डावीकडे गेली रेघ. माणसाची होते चूक. मी त्यालाही हेच सांगितलं.

त्यानं वर बघितलं. वहीतून. रेघेकडे नाही बघितलं, माझ्याकडे. मग मागून कोणीतरी हसलं – मिशावाल्यांपैकीच एक – आणि म्हणालं, काय चिटणीस, घरातलीच मोजणी चुकली की हो! बस, तेवढंच. तो उठला, हॅट काढली, आणि फळ्यापाशी गेला आणि पुसायला लागला, असा, वरून खाली, जेवणाचं टेबल पुसतात तसा, सावकाश, कोपऱ्यांसकट. कोणी धरलं नाही त्याला. दोनशे माणूस. पुसून झालं, हॅट डोक्यावर ठेवली, खांद्यावर पांढरी धूळ पडली, आणि खुर्चीवर बसून म्हणाला, पाऊस आला. आणि लिहायला लागला. आणि मास्तरांना काय, आयतंच मिळालं, म्हणाले, हो, चांगलाच आला.

ही बघ तुमची रीत, हा तुमचा रिवाज. एक हॅट आणि एका बायकोची एक रेघ. चार चार वर्षं पुस्तकं लिहिता, आणि एकानं येऊन विचारलं नाही की फळा पुसायला काय वापरलं. मी धुतली ती हॅट, चार वेळा. खडू हॅटच्या लोकरीत शिरला की जात नाही. ओल्यात दिसत नाही, वाळली की पुन्हा पांढरी. शेवटी चुलीत घातली. तिबुर्सियोनं विचारलंही नाही कुठे गेली. दुसऱ्या दिवशी नवी घेऊन आला.

सही का केली? तू सव्वीस वर्षांची आहेस म्हणून विचारतेस. कागद फिरत फिरत आला, बायका माझ्याकडे बघत होत्या – चिटणिसाची बायको काय करते ते बघू. रेघेच्या वेळी बघत होत्या, तशाच. मी केली, मग सगळ्यांनी केली. मेंढरं. त्यांना म्हणत नाही, म्हणतेय मलाच.

सेनाइदानं नाही केली. ती संध्याकाळी आली इथे. तू बसलीयस तिथेच बसली. मला वाटलं आता शिव्या देईल, मी तयारच होते, शिव्यांना मी चांगली आहे. तर नाही. मोठ्या आवाजातही नाही. म्हणाली, माई, मी फक्त एक विचारायला आले. पाऊस पडला का? बाहेर चटईवर कॉफी पसरलेली, तिच्या पायापर्यंत. तिबुर्सियो आतल्या खोलीत, दाराला कान लावून. आणि मी म्हटलं, पडला. तिनं चटईकडे बघितलं. मग खाली वाकून दोन दाणे उचलले, हातात चोळले, परत ठेवले, जागच्या जागी. आणि गेली. कॉफी तशीच राहिली कपात. पंधरा वर्षांची असल्यापासून माझ्या घरची कॉफी सोडून कधी गेली नव्हती ती. कार्टी. उद्धट. मला पहिल्यापासून माहीत होतं, हिचं काही नीट होणार नाही.

रडत नाहीये मी. धूर आहे. मगाशीच म्हटलं ना धूर लागतो म्हणून.

आता ऊठ. तुला मी काही सांगितलेलं नाही. कोर्टात मी येणार नाही, बोलवलं तर म्हणेन ही पोरगी खोटं बोलते, माझ्या गुडघ्याला औषधही न देता गेली. सही माझी आहे, त्या कागदावर मी सांगितलेलं आहे, पाऊस. तुझ्या पुस्तकात लिहायचं असेल तर एच. म्हण, हात छाप, तोंड काप, मला काय. – थांब. ही पिशवी घेऊन जा. घे म्हणते ना, आवडली म्हणालीस ना कॉफी? त्याच चटईवरची आहे, कच्ची आहे, घरी नेऊन भाज, मंद आचेवर, जाळू नकोस, तुम्हा शहरातल्यांना जाळायची सवय. आणि वरची चिठ्ठी काढू नकोस. कशी शिवलीय तशी राहू दे. संस्थेचा नियम आहे, पूर्ण नाव, पसरली कधी, उचलली कधी, भिजली का कोरडी. नियम म्हणजे नियम. मी कधी चिठ्ठीत खोटं लिहीत नाही. उघडू नकोस गं इथे, पिशवीत ठेव, तुझ्या त्या वहीच्या खाली!

चल, तुझी बस आली. ती बघ, तिसऱ्या वळणावर, देवचाफ्याच्या झाडापलीकडे – अजून लांब आहे, पण तीच आहे, पुढच्या काचेला डाव्या बाजूला तडा गेलाय, दिसत नाही तुला? तरुण डोळे असून काय उपयोग. – आणि इकडून नको जाऊ, मागच्या दारानं... राहू दे, आता उशीर झाला. चावडीतून निघालाय तो. नवी हॅट. इकडेच येतोय. ते यंत्र उचल. तोंड मिटून कप हातात धर. –

हो ना डॉक्टरबाई, तेच तर मी सांगतेय तुम्हाला मघापासून! अहो, काय तो पाऊस!